तिसऱ्या मुसळाची जागा

आमच्या ॲमांडाचं लग्न झालं त्या वर्षीची ही गोष्ट. २०२३, ईस्टरनंतरचा उन्हाळा. नातीच्या लग्नात माझी जाऊ आयव्ही बँडपुढे कशी नाचली ते गल्लीतला कुणीही सांगेल. पुढचं मात्र मी सांगते, कारण ते माझ्या कानांनी ऐकलंय. एक शब्द वाढवलेला नाही.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही.

भर दुपारची आहे.

अंधेरीत टॉवरांच्या मधोमध आमचं गावठाण आहे. चार गल्ल्या, एक क्रूस, एक बुजवलेली विहीर. तिथे एकाच भिंतीला लागून दोन घरं. एकात मी, ज्युलिया. दुसऱ्यात आयव्ही. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, दोघेही वारलेले. आयव्हीचा मुलगा नेव्हिल मालाडला फ्लॅटमध्ये राहतो. दोन्ही घरं बिल्डरला द्या म्हणून तो मागे लागला होता. बिल्डरला दोन्ही हवी होती, एक घेऊन उपयोग नव्हता.

आम्ही सही देत नव्हतो.

लग्न झालं आणि चर्चच्या हॉलमध्ये गावठाणाच्या वारशाचं प्रदर्शन लागलं. जुनी भांडी, लुगडी, फोटो. आमचं मसाल्याचं लाकडी उखळ आणि तिन्ही मुसळं नेव्हिलच टेम्पोत घालून घेऊन गेला.

"घरात पडून सडतंय, काकी. लोक बघतील तरी."

ज्याला घर पाडायचंय त्याला वारशाचा एवढा पुळका कुठून आला? माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली.

पूर्वी दर मे महिन्यात आयव्हीच्या मागच्या पडवीत आमचा बॉटल मसाला कांडला जायचा. उखळाभोवती तिघी. सासू, नणंद आणि आयव्ही. एकीचं मुसळ वर, दुसरीचं खाली. धप, धप, धप. एखादी पाणी प्यायला गेली तर उरलेल्या दोघी तिचा ठोका रिकामा ठेवायच्या. परत आली की ती बरोबर त्याच जागी शिरायची. मला दमा. म्हणून मी भिंतीच्या या बाजूला, माझ्या स्वयंपाकघरात बसून बाटल्या भरायचे. सासू रिकामी बाटली आणून माझ्यापुढे ठेवायची. ठक.

सासू आणि नणंद कधीच गेल्या. मसाला आता गिरणीतून येतो.

उखळ हॉलमध्ये गेलं त्याच आठवड्यात मी दुपारी जेवून आडवी झाले होते.

भिंतीपलीकडून आवाज आला...

धप... धप...

मग रिकामं.

धप... धप...

परत रिकामं.

मी उठून बसले. मिरची कांडली की अर्धी गल्ली शिंकते. डोळ्यांतून पाणी येतं. इथे वास नव्हता. कुणी खोकतही नव्हतं. नुसता आवाज.

आयव्हीकडे गेले. ती खुर्चीत बसून पडवीकडे बघत होती. पडवी रिकामी. ऊन पडलेलं.

"कोण कांडतंय गं?"

"तुला पण ऐकू येतं?" तिने हळूच विचारलं.

"येतं म्हणजे? भिंत हलतेय माझी!"

"दोघीच आहेत," आयव्ही म्हणाली. "माझी जागा ठेवलीय त्यांनी."

मला तिचा रागच आला. हे सगळं नेव्हिलचं काम, मी म्हटलं. मोबाइलवर वाजवत असेल. म्हाताऱ्या घाबरल्या की सही देतील. मी खाटेखाली बघितलं, माळ्यावर बघितलं, पाण्याच्या पिंपामागेही.

काही सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये गेले. उखळ तिथेच होतं. तोंडावर कोळ्याचं जाळं, जसंच्या तसं. खाली पाटी. मी अक्षर अक्षर जोडून वाचली. 'जुने उखळ. आता वापरात नाही.'

आवाज रोज दुपारी येत राहिला.

नेव्हिल आला तेव्हा मी त्याला धरलंच.

"काय रे, स्पीकर कुठे लपवलास?"

"कसला स्पीकर, काकी? वेड लागलं का तुम्हाला?" त्याने फोन बंद करून माझ्या हातात दिला. "घ्या. बसतो इथेच."

आम्ही स्वयंपाकघरात बसलो. मध्ये पाण्याचा पेला.

धप... धप...

पेल्यातलं पाणी थरथरलं.

"आता?" मी म्हटलं.

"मला काही ऐकू येत नाही." पण त्याची नजर पेल्यावर होती. "तुमचं डोकं फिरलंय दोघींचं. मम्मीला मी मालाडला घेऊन जातो."

हेच तर त्याला हवं होतं!

त्या संध्याकाळी आयव्ही म्हणाली, "देऊया का गं सही? थकले मी."

"तू गेलीस तर मला एकटीला टिकू देणार नाहीत, माझं घर पण जाईल, आयव्ही. कुठे जाऊ मी?"

ती राहिली. माझ्यासाठी राहिली.

मे महिन्याचा शेवटचा शुक्रवार. नेव्हिल कागद घेऊन माझ्याकडे बसला होता, मला पटवत. आयव्ही तिकडे जेवून झोपली होती.

आवाज सुरू झाला...

धप... धप...

धप.

मी पेन खाली ठेवलं.

धप. धप. धप. कुठेच रिकामं नव्हतं.

आणि मग वास आला. भाजलेली मिरची, हळद, धणे... माझा श्वास कोंडला.

नेव्हिलला शिंक आली. एक. मग दुसरी. डोळे लालभडक.

आम्ही धावलो. दाराला हात लावला आणि आवाज थांबला.

आयव्ही पडवीत भिंतीला टेकून बसली होती. कपाळ घामाने भिजलेलं, पदर कमरेला खोचलेला. अंग अजून गरम होतं. श्वास नव्हता. तिची बोटं संधिवाताने वाकडी झाली होती, तिला साधी बशी धरवत नव्हती. पण दोन्ही तळव्यांवर ताजे फोड होते. मुसळ धरून येतात तसे.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. फोडांचं ते काही बोलले नाहीत.

दफन झाल्यावर मी नेव्हिलला विचारलं, "ऐकू येत नव्हतं तर शिंकलास कशाला?"

"धूळ होती, काकी."

त्यानंतर त्याने कागदांचा विषय काढला नाही. का काढला नाही, हे मला अजून कळलेलं नाही. तो माझ्या घरात पाणीसुद्धा पीत नाही.

पुढची दोन वर्षं काही आवाज नव्हता. या मे महिन्यात परत सुरू झाला. तीन ठोके, न चुकता. वास नाही.

काल दुपारी कांडप मध्येच थांबलं. मी वाट बघत राहिले.

मग माझ्याच स्वयंपाकघरात, जमिनीवर, माझ्या जुन्या जागेपुढे...

ठक.

रिकामी बाटली ठेवल्यासारखा.

मी अजून तिकडे गेलेली नाही. चहा शेजाऱ्यांकडे पिते.

माझी जाऊ आयव्ही २०२३ च्या मे महिन्यात, शेवटच्या शुक्रवारी, दुपारी वारली. त्या घरात तेव्हा दुसरं कुणीही नव्हतं.