पांचाळांच्या गौरीचे डोळे

खोक्यातून मुखवटा बाहेर निघाला आणि गद्रेसर खुर्चीतून अर्धवट उठले. गौरीचा चेहरा होता. गाल, ओठ, कपाळावरची चंद्रकोर, सगळं जागच्या जागी. डोळ्यांच्या जागी मात्र नुसता पांढरा रंग.

"कुणीतरी डोळे पुसले हो," उमा पांचाळ म्हणाली. "आप्पांच्या हातचे शेवटचे डोळे. स्क्रीनवर मी स्वतः बघितलेले."

मैना सुर्वे ही रत्नागिरीतली एकुलती एक खासगी गुप्तहेर. गद्रेसर तिचे मदतनीस. त्यांनीच तिला नववीत गणितात नापास केलं होतं आणि आता तिलाच स्कूटरवर मागे बसवून ते तपासाला हिंडवत.

उमाचे सासरे आप्पा पांचाळ यांची गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायची जागा, दोघांनाही चांगलीच ठाऊक होती. नागपंचमीच्या सुमाराला घरचा पाट तिथे नेऊन द्यायचा आणि मग रोज खिडकीला नाक लावून आपला गणपती कुठवर आला ते बघायचं, हे निम्म्या गावाने केलेलं. ओल्या शाडूचा वास आठवला की मैनाला अजून गलबलून येई.

अलीकडे आप्पांचा हात थरथरू लागला होता. तेव्हा नात अवनीने त्यांना कॉम्प्युटरवर मूर्ती घडवायला शिकवलं. पेन थरथरलं तरी रेघ सफाईने उमटायची सोय त्यात होती. आप्पांनी आपल्या आईच्या हातचा, कधीच फुटून गेलेला गौरीचा मुखवटा आठवणीतून रंगवला आणि आषाढात बसल्या जागी गेले. आता तो मुखवटा पुण्याहून थ्रीडी प्रिंटरवर रंगीत छापून आला होता, पण डोळ्यांवाचून.

"चतुर्थी तोंडावर आली," उमा म्हणाली. "मूर्ती रंगवून झाल्या, डोळे तेवढे राहिलेत. डोळ्यांची आखणी शाळेच्या मालकानेच करायची, ही आमची रीत. मी सून. लग्न झाल्यापासून पीतांबर नि दागिने रंगवतेय. आप्पांचा पुतण्या विनीत म्हणतो, पेणहून कारागीर आणू, नाय तर शाळा बंद करू. म्हटलं, आप्पांचे डोळे निदान समोर असू देत."

मैनाने भिंग लावलं. "कोपऱ्यात गुलाबी, पापणीखाली निळसर सावली. काम सुरेख झालंय."

"डोळेच नाहीत आणि सुरेख काय?" सर म्हणाले.

मुखवटा छापायला पाठवला होता अवनीचा मित्र ऋत्विक याने. मारुती मंदिराजवळच्या त्याच्या ऑफिसात तो रडकुंडीला आला होता.

"ताई, रंग मूर्तीच्या अंगावर असतात. छापायला पाठवायचे तर त्यांचा सपाट पट काढावा लागतो, फणसाची साल सोलून पसरावी तसा. दर भागाचा पट वेगळा." त्याने चेहऱ्याचा पट उघडला.

"उलटा!" गद्रेसर ओरडले. "हनुवटी वर! घातपात आहे हा!"

"सर, या सॉफ्टवेअरमधून तो उलटाच निघतो. फिरवून पाठवतात." ऋत्विक ओशाळून हसला. "मुखवटा, मुकुट आणि कुंडलं, एवढ्यांचे पट काढले. आणखी एक पातळ तुकडा होता. त्याला उमाकाकूंचं नाव होतं. म्हटलं, काकूंनी गंमत म्हणून काहीतरी काढलं असेल. तो सोडला."

"मी त्या पेनाला हातसुद्धा लावलेला नाय," सोबत आलेली उमा म्हणाली.

विनीत शाळेत भेटला. मैनाने विचारताच त्याने आवाज चढवला. "मी कशाला पुसू? फाइल उघडली होती, ती ऋत्विकने पाठवायच्या आधी. वहिनी, खरं सांगतो. आप्पांचे डोळे उतरवून घ्यायचे होते, स्वतः गिरवून बघायला. चेहऱ्याचा पट काढला, तर त्यातही डोळे कोरेच!"

"मग तूच बिघडवलीस फाइल!" सर म्हणाले.

"सर, थांबा जरा," मैना म्हणाली आणि कोपऱ्यात कॉम्प्युटरपाशी बसलेल्या अवनीकडे वळली. "आप्पांनी शेवटी शेवटी तुला काय विचारलं होतं?"

"मुकुट वेगळा ठेवतो तसा चेहऱ्यावर एखादा पातळ पापुद्रा वेगळा ठेवता येईल का, म्हणून. मी करून दिला. कशाला, ते नाही सांगितलं."

मैनाने मुखवटा पाटावर ठेवला आणि सगळ्यांना जवळ बोलावलं.

"डोळे कुणी पुसले नाहीत. पुसले असते तर कोपऱ्यातला गुलाबी आणि पापणीखालची सावलीही गेली असती. ती शाबूत आहेत. शाळेतल्या या मूर्ती बघा. आखणीच्या आधी डोळा असाच तयार करतात. म्हणजे चेहऱ्यावर डोळे कधी नव्हतेच. म्हणून विनीतच्या पटातही ते आले नाहीत. ऋत्विक निर्दोष आहे."

"पण उमाने स्क्रीनवर पाहिले ते?" सरांनी विचारलं.

"ते पापुद्र्यावर होते. स्क्रीनवर सगळे भाग एकावर एक दिसतात. अवनी, बाकीचं लपव. उमाताईंचं नाव असलेला भाग तेवढा ठेव."

काळ्या स्क्रीनवर दोन डोळे उरले. आप्पांचेच, शांत, किंचित खाली झुकलेले.

"डोळे छापायचे असते, तर आप्पांनी ते सरळ चेहऱ्यावरच काढले असते," मैना म्हणाली. "मुद्दाम वेगळे ठेवले, बघून गिरवायला. आखणी मालकाने करायची, हा तुमचा रिवाज. आणि त्या भागाला त्यांनी विनीतचं नाव दिलं नाही, अवनीचंही नाही. उमाताई, आप्पा शाळा तुमच्या हाती देऊन गेलेत."

उमाने पदर तोंडाला लावला. "एवढी वर्षं एका शब्दाने बोलले नाहीत हो. मला वाटायचं, माझा हात त्यांना पसंतच नाय."

विनीतने आप्पांचा बारीक कुंचला धुऊन आणला आणि तिच्यापुढे धरला. "वहिनी, घे. मला नसतं जमलं."

उमाने मुखवटा मांडीवर घेतला. स्क्रीनकडे बघितलं आणि पहिली रेघ ओढली. गद्रेसर चष्मा पुसत राहिले. एक डोळा पुरा झाला. गौरी त्या एका डोळ्याने शाळाभर बघू लागली.

दुसऱ्या डोळ्याला हात घालण्याआधी, मागे न वळता, उमा म्हणाली, "विनीत, पेणच्या माणसाला फोन कर. म्हणावं, येऊ नको."