तिसऱ्या सिलिंडरची ठकठक

मिस्त्री दारात उभे राहिले तेव्हा बाई वाटाणे सोलत होत्या आणि त्यांचे यजमान सोललेले वाटाणे खात होते.

"बाई, तुम्ही तीस वर्षं अपघाताच्या गाड्या तपासल्यात," मिस्त्री बसायच्या आधीच म्हणाले. "माझी एक गाडी तपासा. डॉक्टर गावभर सांगत सुटलेत, मिस्त्रीचे हात गेले म्हणून. चाळीस वर्षांत मला असं कुणी म्हटलं नव्हतं."

अंगात धुवून धुवून विटलेली खाकी, डोळ्यांवर ऑपरेशननंतरचा काळा चष्मा. माणूस दुखावलेला होता, हे न सांगताही कळत होतं.

बाई विमा कंपनीच्या सर्व्हेअर होत्या. निवृत्तीनंतर त्या खाजगी तपास करत. यजमान, म्हणजे सगळ्यांचे टेलरकाका, सोबत जात. मदत करायला, असं ते सांगत. पिशवी धरायला, असं बाई सांगत.

हकिगत साधी होती. तीन वर्षांपूर्वी डॉक्टर परदेशी मुलीकडे राहायला गेले. त्यांची जुनी गाडी मिस्त्रींनी बंद करून ठेवली. इंजिनात ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरलं, प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडलं, चाकं उचलून गाडी लाकडी ठोकळ्यांवर ठेवली. उंदीर शिरू नयेत म्हणून सायलेन्सरच्या तोंडात बोळा कोंबला. बॅटरी स्वतःच्या गॅरेजात नेली आणि किलोमीटरचा आकडा कार्डावर लिहून ते स्टिअरिंगला बांधलं.

मागच्या महिन्यात डॉक्टर परतले. मिस्त्रींच्या डोळ्यांना तेव्हा पट्ट्या होत्या, म्हणून गाडी एका नव्या वर्कशॉपनं उघडली. नवी बॅटरी लावली, इंजिन सुरू केलं, आणि आतून ठकठक.

"वर्कशॉपवाले म्हणाले, किलोमीटर कार्डावर आहे तेवढेच, ऑइलही पुरेपूर. म्हणजे गाडी हललेलीच नाही. मग चूक कुणाची? बंद करणाऱ्याची." मिस्त्रींचा आवाज चिरकला. "डॉक्टर माझे तीस वर्षांचे दोस्त. दवाखान्यात येईल त्याला हेच सांगतात. चार गिऱ्हाइकं गाड्या परत घेऊन गेली."

"मुलगा काय म्हणतो?"

"म्हणतो, सोडून द्या बाबा. त्याला काय! गॅरेज आता तोच बघतो. मागच्या वर्षी सगळ्यांना निळे कपडे शिवून घेतले. मी म्हटलं, मी खाकीतच मरणार."

"गॅरेज बंद कधी असतं?"

"कधीच नाही. एकदाच होतं, या वर्षी. मी पंप दुरुस्तीला दोन दिवस बाहेरगावी होतो, तेव्हा मुलानं आईला माहेरी नेऊन आणलं. बसनं. फार आजारी होती ती, उशांना रेलूनच बसायची. पण म्हणाली, खिडकी मिळाली, काही त्रास झाला नाही." मिस्त्रींनी चष्म्याखालून डोळा पुसला. "महिन्याभरात गेली."

ऑपरेशनचं पाणी येत असेल, असं टेलरकाकांना वाटलं.

डॉक्टरांनी दोघांचं स्वागत कपाळाला आठी घालूनच केलं. "इंजिनाला वकील कशाला हवा?" म्हणत त्यांनी शेड उघडली.

"सुरू करा," बाई म्हणाल्या.

ठक, ठक, ठक. बाईंनी जाड हातमोजा चढवून पहिल्या प्लगची वायर काढली. इंजिन अडखळलं, ठकठक तशीच. वायर परत लावली. दुसरी काढली. तशीच. तिसरी काढली, आणि ठकठक एकदम दबली.

"एकेकाला गप्प करून बघायचं," बाई नवऱ्याला म्हणाल्या. "ज्याच्या गप्प होण्यानं आवाज दबतो, दुखणं त्याच्याकडे. तिसऱ्या सिलिंडरचं बेअरिंग."

मग त्या टॉर्च घेऊन डॅशबोर्डच्या खाली शिरल्या. टेलरकाकांनी डावीकडच्या सीटवर बूड टेकलं आणि ते जवळजवळ आडवेच झाले.

"अहो, झोपताय काय?"

"झोपतोय कुठला? सीटच अशी आहे!"

डॉक्टर वैतागले. "ती सीट मी कायम पुढं, पाठ ताठ करून ठेवतो. मागं बॅग ठेवायला. वर्कशॉपवाल्यांनी पाडली असेल."

वर्कशॉपला फोन लागला. तिथल्या माणसानं त्या सीटला हातही लावला नव्हता.

शेडची किल्ली, गाडीच्या किल्लीसकट, डॉक्टरांच्या धाकट्या भावाच्या व्हरांड्यात खिळ्याला असे. धाकटे आधीच तापलेले होते. "मला ही शेड कपाटांसाठी हवी होती, हे खरं. पण गाडी चालवायची? मी दोनदा शिकायला गेलो, दोनदा भिंतीवर घातली. विचारा शेजारी."

शेजारी ड्रायव्हिंग स्कूलवाला. तो हसला. "तीनदा. दोन भिंती, एक दुधाची गाडी."

"किल्ली कुठं असते, तुम्हाला माहीत होतं?"

"साऱ्या गल्लीला माहीत आहे. पण माझ्या दारात चार गाड्या उभ्या असताना मी ठोकळ्यांवरची कशाला उतरवू?"

डॉक्टरांनी पुरावा म्हणून एक खोकं जपून ठेवलं होतं. त्यात कार्ड होतं आणि सायलेन्सरमधून निघालेला बोळा. टेलरकाकांनी तो उलगडला आणि त्यांची कळी खुलली. अखेर त्यांच्या धंद्यातलं काहीतरी निघालं होतं.

"टेरिकॉट. लांब झालेली बाही कापलीय बघ. टाके अजून कोरे, एकदाही धुतलेलं नाही. रंगही छान आहे, निळा."

नवऱ्याच्या हातून तो बोळा घेताना बाईंचा चेहरा उतरला होता, आणि त्या अशा का झाल्या ते टेलरकाकांना कळेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे शेडमध्ये जमले. मिस्त्रींच्या मागे त्यांचा मुलगा उभा होता, निळ्या कपड्यांत.

"मिस्त्री, अजूनही थांबता येईल," बाई म्हणाल्या.

"का थांबू? बोला. सगळ्यांसमोर बोला."

बाईंनी सुस्कारा सोडला. "उभ्या गाडीचं बेअरिंग असं झिजत नाही. ऑइल कमी असताना ती पळवली तर झिजतं. म्हणजे ही गाडी पळाली. आकडा का वाढला नाही? डॅशबोर्डखाली मीटरच्या केबलच्या नटावर ताजे ओरखडे आहेत. कुणीतरी केबल सोडली आणि आल्यावर पुन्हा जोडली."

धाकटे आणि ड्रायव्हिंग स्कूलवाला एकमेकांकडे बघू लागले.

"धाकट्यांना गाडी चालवता येत नाही. शेजाऱ्याला चालवता येते. पण ज्यानं नेली त्यानं ऑइल खुणेपर्यंत भरलं, गाडी ठोकळ्यांवर चढवली, नवा बोळासुद्धा घातला. बंद करणाऱ्याची रीत त्याला तोंडपाठ होती. बॅटरीही मिस्त्रींच्याच गॅरेजात होती. मिस्त्रींनी तीन वर्षांपूर्वी घातलेला बोळा खाकीचा असणार, कारण निळं कापड गॅरेजात मागच्या वर्षी आलं. निघाला तो निळा. वडिलांनी शिकवलेलं सगळं त्यानं चोख केलं. फक्त सीटचं कुणी शिकवलं नव्हतं. रेलल्याशिवाय बसता येत नाही अशा माणसासाठी पाडलेली सीट तशीच राहिली."

टेलरकाकांना आता कळलं, आणि कालची आपली फुशारकी आठवून त्यांना स्वतःचा राग आला.

मिस्त्री हळूहळू मागे वळले. "बसनं नेलं होतंस ना?"

"आईला बसमध्ये बसवलं असतं का बाबा?" मुलगा म्हणाला.

डॉक्टर पुढे आले. "अरे, मला एक फोन करायचा! मी नाही म्हटलं असतं का?"

"ती तेच म्हणत होती," मिस्त्री म्हणाले. "डॉक्टरांना विचारा, म्हणून दोनदा म्हणाली. मी ओरडलो तिच्यावर. गिऱ्हाइकाची गाडी मागायची नसते, म्हणालो." त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. "पुढं बसली होती?"

"पुढंच. काच खाली करून."

"मग इंजिन कसं गेलं?"

"येताना. उभं राहून राहून पॅकिंग वाळलं होतं, ऑइल गळालं. घाटात ऑइलचा लाल दिवा लागला."

"दिवा लागल्यावर गाडी जागच्या जागी थांबवायची. हे तुला मी दहाव्या वर्षी शिकवलं होतं."

"मी थांबवत होतो." मुलगा खाली बघत होता. "आई म्हणाली, थांबू नको. तुझे बाबा आपल्याआधी घरी पोचतील आणि त्यांना कळेल. सगळा घाट माझा हात धरून हेच म्हणत होती."

"आणि माझी एवढी बदनामी झाली, तरी तू गप्प?"

"तुमचे हात गेले असं लोक म्हणाले, ते चालेल असं वाटलं. आई तुम्हाला इतकी घाबरायची, हे तुम्हाला कळायला नको होतं."

डॉक्टरांनी मिस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवला. "मी सगळ्यांना सांगेन. दवाखान्यात येईल त्याला सांगेन, की माझी चूक झाली."

"नका सांगू." मिस्त्रींनी चष्मा काढला. या खेपेला ते ऑपरेशनचं पाणी नव्हतं. "तुमचं बरोबरच होतं, डॉक्टर. इंजिन माझ्यामुळेच गेलं."