पलीकडची सुई

१९५९ साली आम्ही अकोल्याला जठारपेठेत राहत होतो. आई-वडील गेलेले, घरात मी आणि थोरला भाऊ कमलाकांत. तो शाळेत विज्ञान शिकवायचा. त्यानं टपालानं विमानाचे नकाशे मागवले होते. एका माणसापुरतं विमान, जुन्या मोटारसायकलीचं इंजिन. पुढच्या खोलीतून पलंग बाहेर गेला आणि तिथं लाकडी पट्ट्यांचे दोन पंख उभे राहिले, त्यांवर मांजरपाट ताणलेला. कापडावरच्या रोगणाला पिकल्या केळ्यांचा वास यायचा. आमच्या भातालाही तो लागायचा.

"कापड पंखाच्या प्रत्येक लाकडी बरगडीशी शिवायचं," दादा म्हणाला होता. "टाका सैल राहिला तर वर गेल्यावर कापड फुगतं, फाटतं. मग माणूस खाली."

मी सतरा वर्षांची होते. दादाशिवाय मला कोणी नव्हतं.

शिवायला दोघी लागत. पंख एका कडेवर उभा केलेला. एक अलीकडे, एक पलीकडे, एकमेकींना न दिसणाऱ्या. मी लांब सुई आत घालायची, पलीकडचीनं ओढून परत पाठवायची. पलीकडे शेजारच्या खातूनबी बसत. गाद्या शिवून त्यांची बोटं राठ झाली होती. मेण लावलेला धाग्याचा तुकडा दातांत धरून त्या बसत आणि काम संपेपर्यंत एक अक्षर बोलत नसत. पहिल्या दिवशी मला हसू आलं.

"काहून हसून राह्यली व? जित्या अंगावर टाका घालतानी तोंडात धागा धरा लागते."

"हे तर लाकूड आहे, खातूनबी."

"उद्या तुया भाऊ यातच बसन ना? मंग?"

मी नाही धरला. मला बोलल्याशिवाय करमत नसे.

चैत्रातली दुपार होती, दादा शाळेत. डाव्या पंखाची शेवटची बरगडी राहिली होती. पलीकडे पाटावर कोणी टेकल्याचा आवाज झाला. खातूनबी नेहमीसारख्या मागच्या दारानं आल्या असतील म्हणून मी सुई आत घातली. ती परत आली. मी बोलत राहिले. अमरावतीचं स्थळ, मुलाची मिशी, त्याच्या आईचा तोरा. पलीकडून उत्तर नाही, पण ते रोजचंच. शेवटी मनातलं बोलले.

"खातूनबी, मला भीती वाटते. टिकतील ना हो हे टाके?"

सुई थांबली.

मग दोरा पलीकडून दोनदा ओढला गेला. हळूच.

चौदावा टाका चालू होता.

"सिंधू! कडी काढ ना व! बाळापूरची मोटार चुकली, म्हनून देर झाली!"

आवाज पुढच्या दारातून आला. खातूनबींचा.

माझ्या हातातला दोरा ताणलेलाच होता.

सुई परत आली.

मी कडी काढली. खातूनबींचा हात धरूनच पलीकडे गेले. पाट रिकामा होता. मागच्या दाराची कडी आतून लावलेली. पाटाजवळ जमिनीवर धाग्याचा एक तुकडा पडला होता, ओला, दातांनी चावलेला.

मी उसवायला कात्री उचलली. खातूनबींनी टाक्यांवरून बोट फिरवलं आणि माझं मनगट धरलं.

"उसवू नको. कोन बसलं व्हतं, मले मालूम नाही. पन त्यानं धागा तोंडात धरला व्हता. तू धरला व्हता काय?"

मी कात्री खाली ठेवली. दादाला काही सांगितलं नाही.

पौषात ज्वारी निघाल्यावर कापसाच्या जिनिंगमागच्या माळावरून दादा उडाला. चार मिनिटं विमान छान गुणगुणलं. मग उजव्या पंखाचं कापड फाटून मागं फडफडू लागलं. पाठोपाठ डाव्याचंही सुटलं. डाव्याच्या त्या शेवटच्या बरगडीवरचं तेवढं ताठ राहिलं. त्या अंगावर कलून, कोणी दंडाला धरून उतरवावं तसं, विमान कापसाच्या पऱ्हाटीत उतरलं.

आम्ही धावलो. दादाचा पाय मोडला होता. शुद्धीवर होता, पण बोलेना. ओठ घट्ट मिटलेले.

"मास्तर, तोंड उघडा ना!" जिनिंगमधला फिटर जानराव त्याचे गाल थोपटत होता. "दातखीळ बसली काय बापा?"

दादानं तोंड उघडलं.

त्याच्या जिभेवर मेण लावलेला, दोन बोटं लांबीचा धागा होता. चावलेला.

त्यानं तो बोटांनी काढला, उन्हात धरून बघितला आणि मलाच विचारलं, "सिंधू, हा कुठून आला गं?"

शिवण चालायची तेव्हा तो शाळेत असायचा. तो रिवाज त्याला कधी कोणी सांगितला नव्हता.