निळा पेला, पिवळा पेला

अकरा तारखेला, महानंदा गेली त्या सकाळी, न्याहारीयंत्रानं नेहमीप्रमाणे साडेसातला दोन पेले भरले. नागनाथ बिराजदारांनी आपला पेला संपवला आणि बायकोला हाक मारली. उत्तर आलं नाही. दुसरी हाक त्यांनी चिडून मारली, "अगं, तुझा पेला तसाच आहे!" मग उठून बघितलं. मागच्या दारी शेवग्याच्या कुंडीजवळ ती पडली होती. मुठीत पाला होता.

डॉक्टर आले. हृदय बंद पडून तास होऊन गेला, असं म्हणाले. म्हणजे नागनाथ जिभेनं ओठ पुसत होते तेव्हा ती गेलेलीच होती.

यंत्र बंगळूरहून लेकीनं, राजश्रीनं पाठवलं होतं, दोन वर्षांपूर्वी. दिसायला शेगडीएवढं खोकं. वर कप्पे होते. त्यांत अख्खं धान्य, अख्खी भाजी, अख्खं फळ घालायचं. पाकीट फोडून ओतलेलं काही ते घेतच नसे. महानंदा त्याला "माझी सवत" म्हणायची आणि रोज संध्याकाळी त्याचे कप्पे स्वतःच्या हातानं भरायची. ओल्या फडक्यात बांधून मोड आणलेली नाचणी, भिजवलेले शेंगदाणे, जवस, खजूर, दुधी, आवळा, शेवग्याचा पाला.

खरी करामत पेल्यांत होती. पेल्याच्या काठावर केसाएवढी पातळ पट्टी होती, पारखपट्टी. ओठ लागले की थुंकीवरून तिला अंगातली साखर कळायची, क्षार कळायचे, हृदयावरचा ताणसुद्धा कळायचा. त्यावरून यंत्र दुसऱ्या दिवशीची न्याहारी ठरवायचं. कोणाला नाचणी-खजुराचं घट्ट पेय, कोणाला दुधी-मेथीचा रस, जोडीला मोडाची उसळ किंवा ज्वारीच्या लाह्या. काळजीचं काही दिसलं, तर पेला ज्याच्या नावावर त्याच्या फोनवर सूचना जायची. निळा नागनाथांच्या नावावर होता, पिवळा महानंदाच्या. राजश्रीला फक्त कोणाची न्याहारी झाली तेवढा निरोप जायचा.

आणि महानंदाच्या फोनवर एकही सूचना आली नव्हती.

तेराव्याच्या दिवशी राजश्रीनं यंत्राचे निरोप स्वतःच्या फोनवरून काढून टाकले. त्यात आईचं नाव बघवत नाही, म्हणाली. मग कंपनीला फोन करून सुनावलं, तक्रार लिहून काढली आणि वडिलांच्या सहीसाठी ठेवून गेली. "अप्पा, त्यांना सोडायचं नाही."

नागनाथांना ते सांगायला नको होतं. चौतीस वर्षं त्यांनी एसटीच्या कार्यशाळेत काढली होती. गाडीचा ब्रेक आपोआप लागायचा थांबत नाही, कोणाचा तरी हात चुकलेला असतो. तो हात त्यांना हवा होता.

पाच दिवसांनी कंपनीचा माणूस सोलापुरात आला. केळुसकर नाव, पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट.

"चहा नको हं, काका," तो बसता बसता म्हणाला.

"विचारला कुणी?" नागनाथ म्हणाले. "माझ्या बायकोला सूचना का आली नाही, तेवढं सांगा आणि चालू लागा."

केळुसकरनं यंत्राच्या पाठीला वायर जोडली आणि हातातल्या पडद्यावर बराच वेळ वाचत राहिला. मग त्यानं विचारलं, "तुम्ही हल्ली न्याहारी घेत नाही का?"

"घेतो की. रोज साडेसातला."

"निळा पेला अकरा तारखेपासून कोरडा आहे. पिवळा मात्र आज सकाळीसुद्धा वापरलाय." तो अडखळला. "काका, आमच्या नोंदीप्रमाणे अकरा तारखेला तुम्ही गेलात. काकू अजून रोज न्याहारी करतायत."

नागनाथ उभे राहिले. "थोबाड सांभाळून बोल."

"मी नोंद वाचतोय. पिवळा पेला कोण पितं?"

नागनाथ पुन्हा बसले.

"मी," ते म्हणाले.

"कधीपासून?"

पहिल्या आठवड्यापासून. नागनाथांना साखरेचा त्रास, म्हणून निळ्या पेल्यात मेथी आणि दुधी यायचं. पहिल्याच घोटाला त्यांनी तोंड वाकडं केलं होतं. "हे गुरांना घाल." महानंदानं पेला ओढून घेतला आणि स्वतःचा नाचणीचा त्यांच्यापुढे सरकवला. "आणा इकडं. नाही प्यालात तर पोरगी फोनवर तासभर भाषण देईल, आणि ऐकायचं मला." महिन्याभरात पिवळाही कडू झाला आणि निळा गोडसर झाला. "तुझी सवत माझ्यावर डूख धरून आहे," नागनाथ म्हणाले होते. दोघं हसले होते. तोवर निळा तिच्यापुढे आणि पिवळा त्यांच्यापुढे ठेवायची सवय झाली होती, ती राहिली.

यंत्रानं न्याहारी बरोबर केली होती. नाव तेवढं चुकलं होतं.

"हृदयाची सूचना तीनदा गेलीय," केळुसकर म्हणाला. "ऑगस्टमध्ये. तुमच्या फोनवर. मग ती तुम्ही बंद केलीत."

त्यानं हे जिंकल्यासारखं सांगितलं असतं तर नागनाथांनी त्याला मारलं असतं. त्यानं खाली बघून सांगितलं.

ऑगस्टमध्ये त्या सूचनेवरूनच ते दवाखान्यात गेले होते. महानंदानंच धरून नेलं होतं. लिफ्ट बंद, तीन मजले चढायचे. दुसऱ्या मजल्यावर ती पायरीवरच बसली, छातीशी हात धरून. "तपासणी माझी आणि धापा तुला?" ते खेकसले होते. ती हसली. "जोडीनं आलोय. काहीतरी वाटून घ्यायला नको?" वर नागनाथांच्या छातीला तारा लावल्या, कागद निघाला, डॉक्टर म्हणाले ठणठणीत आहात. घरी येऊन त्यांनी यंत्राला शिवी हासडली आणि फोनवर "पुन्हा सांगू नका" दाबलं.

चुकलेला हात त्यांच्या मांडीवर होता. ते त्याच्याकडे बघत राहिले.

मग त्यांनी मान वर केली. "दोन वर्षं बाईची थुंकी पुरुषाच्या नावावर जात होती. तुझ्या यंत्राला कळलं नाही?"

केळुसकर वायर गुंडाळत होता. "कळलं होतं."

"काय?"

"पहिल्या महिन्यातच. शरीर बदललेलं यंत्राला कळतं, म्हणून तर पेयं बदलली. पण नाव विचारायचं नाही असं आमच्याकडे ठरलंय. घरात कोण कोणाचं पितं, पाहुणा कोण आलाय, हे विचारलेलं लोकांना आवडत नाही. असं यंत्र खपत नाही, काका."

"'कोण पितंय?' एवढंच विचारायचं होतं."

"हो."

"दोन शब्द."

केळुसकरनं पिशवीतून एक कागद काढला. "तक्रार पुढे गेली तर ही नोंद आम्हाला मांडावी लागेल. पेल्यांची अदलाबदल, दवाखाना, बंद केलेली सूचना, सगळं. ताई वाचतील. तुम्ही तक्रार सोडून दिलीत तर आमच्याकडून कोणाला काही कळणार नाही. इथं सही लागेल."

"धमकी देतोस?"

"तुमच्या भल्याचं सांगतोय."

"माझं भलं झालं तेवढं पुरे. पेले बदलणारी अशी घरं किती आहेत?"

केळुसकरनं पडदा न बघताच सांगितलं. आकडा पाठ होता. "चौदा हजारांच्या आसपास."

"आणि त्यांना विचारणार?"

केळुसकरनं कागद पुढे सरकवला.

"ऊठ," नागनाथ म्हणाले. "तुझा कागद घे. चप्पल बाहेर आहे."

दुसऱ्या दिवशी साडेसातला यंत्र घरघरलं. पिवळा पेला भरला, निळा रिकामाच राहिला. नागनाथांनी कप्पा उघडून पाहिलं. दुधी-मेथी ते बाजारातून आणून भरत होते, पण महानंदानं मोड आणून वाळवलेली नाचणी तळाला मूठभर उरली होती. फडकं कसं बांधायचं, किती तास ठेवायचं, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. त्यांनी कप्पा लावला आणि पिवळा पेला उचलला. मेथी होती. त्यांनी तो शेवटपर्यंत संपवला.

मग राजश्रीनं ठेवलेली तक्रार समोर घेतली. खाली रिकाम्या जागेत आपल्या अक्षरात लिहिलं: "निळा पेला माझी पत्नी पीत होती आणि पिवळा मी. मला कडू नको होतं म्हणून. सूचना माझ्या फोनवर आली, ती मी बंद केली. अदलाबदल यंत्राला पहिल्या महिन्यापासून ठाऊक होती. त्यानं एकदाही विचारलं नाही." वाचून बघितलं. काही खोडावंसं वाटलं नाही. सही केली.

यंत्राचा हिरवा दिवा लागला होता, खाली अक्षरं उमटली होती. न्याहारी पूर्ण झाली, महानंदा बिराजदार यांची. अशा चौदा हजार घरांत या वेळी कोणीतरी कोणाचा तरी पेला पुढे ओढत असेल. त्यांना कोण विचारणार?

कागद टपालात पडण्याआधी राजश्रीला हे आपल्या तोंडून कळायला हवं, एवढं नागनाथांनी ठरवलं आहे. फोन समोरच आहे. तो अजून लावलेला नाही.