शून्य मार्कांचा ठोसा

"पाय?" मुकुंदने विचारलं.

"आठ दे की!" बिरप्पा म्हणाला. "मांजरावानी पडत्यात बघ, आवाज न्हाय."

"हात?"

"आठच," प्रभा म्हणाली. "डावा हात हनुवटीपासून हलत नाही त्याचा. कौतुक आहे हं!"

"आणि दम?"

यावर तिघंही वाकून खाली बघायला लागली. मिलच्या तालमीमागच्या भिंतीवर पाय सोडून ती बसली होती. खाली दोरखंड बांधलेल्या चौकात शरणप्पा आणि बाळासो या मिलमधल्या दोन दोस्तांची ठोसेबाजी चालली होती; मार्क चालले होते ते शरणप्पाला.

दिवाळीची सुटी होती, पण ड्रिलमास्तरांनी सुटीचाही अभ्यास दिला होता! मास्तर नुकतेच कुठलं तरी नवं शिक्षण घेऊन आले होते. त्यांनी फर्मान काढलं, "एखाद्या खेळाडूचा खेळ नीट पाहा. त्याच्या तंत्राला दहापैकी मार्क द्या. कारणांसकट!" वर्गातल्या बाकीच्या पोरांनी कुस्त्या धरल्या, मल्लखांब धरला. मुकुंद आणि त्याचा जोडीदार बिरप्पा यांनी मात्र बॉक्सिंग धरलं, कारण सोलापुरात ते नवंच आलं होतं. मुकुंदची धाकटी बहीण प्रभा दुसऱ्या शाळेत होती. "तुझं काय काम?" असं मुकुंदने विचारल्यावर ती फणकारली होती, "मास्तरांनी मला सांगितलं नाही, म्हणून मला डोळे नाहीत का?"

जन्मभर मार्क घेत आलेल्या पोरांच्या हातात मार्क द्यायचं काम पडलं की काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको! मुकुंद तर दोनच दिवसांत हेडमास्तरांसारखा खाकरायला लागला होता.

खाली शरणप्पाने उजवा हात उचलला. बाळासोचं तोंड अगदी समोर उघडं होतं. आता बसणार! पण ठोसा बाळासोच्या नाकापुढे येऊन थांबला.

"परत थांबला!" मुकुंद ओरडला. "सारखा थांबतो! मारायची हिंमतच नाही ह्याला!" आणि तो भिंतीवर उभाच राहिला. "दम, दहापैकी शून्य! भित्रा आहे हा, भित्रा!"

नेमका तेव्हाच मिलचा भोंगा झाला होता आणि पाळी सुटलेली माणसं तालमीत येत होती. त्यांना आयतंच मिळालं.

"शून्य! शून्य!" कुणीतरी टाळ्या पिटल्या. "काय रे शरणप्पा, पोरं नापास करायला लागली की तुला!"

मिलच्या क्रीडामंडळाचे चिटणीस आप्पाही मोठ्याने हसले. आप्पा माणूस वाईट नव्हता, पण समोरची वस्तू सोडून भलतीकडेच बघायची त्यांना खोड होती. आताही शरणप्पाकडे न बघता, आलेल्या मंडळींना नमस्कार करत ते म्हणाले, "ऐकलंस ना? रविवारी सामना आहे. तुम्हा दोघांत जो जिंकेल तो मुंबईच्या स्पर्धेला जाणार. असा खेळलास तर घरीच बस!"

शरणप्पाने मान वर करून भिंतीकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते. "बरं, तम्मा," तो मुकुंदला म्हणाला. तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. "रविवारी थांबणार न्हाय. बघायला ये."

मुकुंदची छाती फुगली. पण प्रभा बाळासोकडे बघत होती. हे शब्द ऐकून बाळासोचं तोंड उतरलं होतं.

"दादा, काहीतरी विचित्र आहे हं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोघांना पुन्हा तालमीत घेऊन आली. शरणप्पा एकटाच होता. मुठींना नुसत्या चिंध्या गुंडाळून तो वाळूच्या पोत्यावर ठोसे मारत होता. धाड! धाड! आढ्याची धूळ खाली पडत होती.

"हा भित्रा?" प्रभाने विचारलं.

"पोत्याला कोण भितं?" मुकुंद म्हणाला, पण त्याचा आवाज जरा बसला होता.

नळावर बाळासो तोंड धूत होता. बिरप्पाने सरळ त्यालाच गाठलं. "बाळासोदादा, त्यो तुमाला मारत का न्हाय?"

बाळासोने ओला हात भुवईवर ठेवला. भुवईत टाके घातल्याची एक लांब खूण होती.

"हे बघितलंस? पयल्याच दिवशी त्याचा हात लागला आणि हे फुटलं. डोळा थोडक्यात वाचला. लई रडला रे शरण्या! तवापासनं माझ्या तोंडाशी आला की हात आवरतो. म्हणतो, माझा हातच जड हाय." मग त्याने मुकुंदकडे पाहिलं. "काल तू भिंतीवरनं बोंबललास. आता रविवारी त्यो आवरणार न्हाय. आवरला तर जलमभर शून्य म्हणतील त्याला."

मुकुंदला वाटलं, जमीन फाटावी आणि आपण आत जावं! मित्राचा डोळा जाऊ नये म्हणून जो हात आवरत होता, त्याला आपण भित्रा म्हणालो. तेही गावभर ऐकू जाईल असं!

"पण हातात मोजे असताना भुवई फुटतेच कशी?" प्रभा म्हणाली. "मोजे तर मऊ असतात ना?"

"मऊ?" बाळासो हसला. "ते बघ, उन्हात वाळत टाकल्यात. आमी कुस्तीतली माणसं. बाक्सिंगचे मोजे असेच असत्यात, असं वाटलं आमाला."

बिरप्पाने मोजा उचलला आणि भिंतीवर ठोकला. ठक्!

"आयला! ह्यो मोजा हाय का वरवंटा?"

शिवण एका जागी उसवली होती. प्रभाने बोट घालून आतला गुंता ओढला. ताठ, चिकटून एक झालेलं सूत! तिने ते नाकाशी नेलं आणि तोंड वाकडं केलं. तो आंबूस वास सोलापुरातलं कुठलंही पोर ओळखेल. मागावर चढवण्याआधी सुताला खळ लावतात, त्या खळीचा वास होता तो!

"कुणी भरलं हे?" मुकुंदने विचारलं.

"आतले घोड्याचे केस आमी घालायच्या आधीच उंदरांनी नेले," बाळासो म्हणाला. "मग आप्पांनी मिलमधनं भरून आणले. टाकाऊ सूत हाय म्हणाले."

"खळीचं सूत!" प्रभा ओरडली. "घामाने भिजतं, उन्हात वाळतं, आणि दर वेळी आणखी कडक होतं. त्याचा हात नाही हो जड! मोजा जड आहे!"

तिघं पळतच आप्पांकडे गेली. आप्पा पताका लावून घेत होते. मोजा पुढे केला तरी त्यांचं लक्ष पताकांवरच. "रविवारी बघू रे!"

"आप्पा, रविवारीच तर सामना आहे!"

"मग सोमवारी बघू!"

आता उरला शरणप्पा. त्याच्यापुढे उभं राहायची मुकुंदला लाज वाटत होती, पण तो गेला. सगळं सांगितलं. शरणप्पाने शांतपणे ऐकून घेतलं.

"खरं असंल, तम्मा. पण आता मोजे नको म्हटलं, तर लोक काय म्हणतील? शून्यवाला पळवाट काढतोय, म्हणतील. आणि बाळासोनं म्हटलं, तर त्यो भित्रा. कुणी सांगायचं?"

मुकुंदने मान खाली घातली. सांगायचं दार त्यानेच तर बंद केलं होतं! घरी येताना तो रस्त्यात रडला, आणि बिरप्पाने ते दिसलंच नाही असं दाखवलं.

"रविवारी सगळ्यांसमोर दाखवायचं," शेवटी डोळे पुसत मुकुंद म्हणाला. "सगळ्यांसमोर ओरडलो, तर सगळ्यांसमोरच!"

रविवारी तालीम माणसांनी फुलली होती. ड्रिलमास्तर पहिल्या रांगेत बसले होते. सामन्याआधी आप्पा नारळ फोडणार होते. त्यासाठी चौकाच्या कोपऱ्यात एक दगड मांडला होता, आणि त्यावर झेंडूची फुलं वाहायचं काम प्रभाने मोठ्या भक्तिभावाने मागून घेतलं होतं.

"दगड?" मुकुंदने हळूच विचारलं.

"माझ्या धोतरात हाय," बिरप्पा पुटपुटला. "लवकर उरका रे, सुटतंय!"

आप्पांनी नारळ उचलला. नजर अर्थातच पाहुण्यांकडे! हसत, मान डोलावत त्यांनी तो फुलांवर जोरात आपटला. खाडकन आवाज झाला. नारळाची दोन भकलं झाली, पाणी उडालं, टाळ्या पडल्या.

"थांबा!" मुकुंद दोरखंडाखालून आत घुसला. त्याने फुलं बाजूला सारली. "आप्पा, नारळ कशावर फोडलात ते बघा तरी!"

आप्पांनी जन्मात पहिल्यांदाच खाली पाहिलं. फुलांखाली दगड नव्हता. नारळाच्या पाण्यात भिजलेला बॉक्सिंगचा मोजा होता!

मागच्या रांगांतली माणसं उठून बघायला लागली.

"हाच मोजा घालून आता हे दोघं एकमेकांच्या तोंडावर मारणार होते," मुकुंद म्हणाला. "आत खळीचं सूत आहे. शरणप्पाला ते माहीत नव्हतं. आपला हात जड आहे असं समजून तो बाळासोसाठी हात आवरत होता. आणि मी त्याला भित्रा म्हणालो. मला काही कळत नव्हतं, तरी म्हणालो. माझं चुकलं!"

आप्पांनी मोजा उचलला, दाबून पाहिला आणि मटकन खाली बसले. "अरे देवा! पोराचा डोळा गेला असता की रे!" मग ते उठले आणि सगळ्यांदेखत शरणप्पा-बाळासोपुढे हात जोडून उभे राहिले.

सामना पुढच्या रविवारवर गेला. बिरप्पाच्या घरच्या मेंढ्या तेव्हा जवळच्या कुंभारी गावच्या रानात होत्या. त्याची आई मायाक्का हिने धुऊन पिंजलेली लोकर दिली आणि मोजे नव्याने भरले. या वेळी मात्र आप्पांनी प्रत्येक मोजा स्वतःच्या गालावर मारून बघितला!

आणि काय सामना झाला म्हणता! शरणप्पाचा हात एकदाही थांबला नाही. बाळासोही हसत हसत ठोसे खात होता आणि परत देत होता. शेवटी पंचांनी हात वर केला तो बाळासोचा! शरणप्पाने त्याला खांद्यावर घेतलं आणि चौकभर नाचवलं.

आप्पांनी मुलांना हार आणले होते. "ह्या पोरांनी आमचे डोळे उघडले!" ड्रिलमास्तरही उठून म्हणाले, "निरीक्षण असं करावं! शाबास!" प्रभाने आणि बिरप्पाने हार घालून घेतले. मुकुंद मात्र मागे सरकला.

"मला नको, मास्तर. माझा अभ्यास पुरा नाही झाला अजून."

आणि तो धावत जाऊन त्याच भिंतीवर चढला. तोच भिंतीचा कोपरा होता आणि खाली तीच माणसं होती. त्याचे कान तापले होते, तरी त्याने होता नव्हता तेवढा दम एकवटला.

"शरणप्पा! दम, दहापैकी दहा!" तो ओरडला. "आणि मार्क देणाऱ्याला शून्य!"

कुणीच हसलं नाही. घामाने निथळणाऱ्या शरणप्पाने मान वर केली.

"ए तम्मा," तो म्हणाला, "खाली उतर आधी. पडशील!"

आणि त्याने दोन्ही हात वर पसरले.