पुलापाशी थांबलेला दुसरा

ही गोष्ट मी कुणाकडून ऐकलेली नाही. माझ्या घरात घडली, आणि मी अजून त्याच घरात राहते.

तैवानातल्या कीलुंग बंदराच्या वरची गल्ली. गेल्या वर्षीचा, आमच्या चांद्र पंचांगातला सातवा महिना. दिवेलागणीची वेळ.

शाळेतून निवृत्त झाले तरी शेजारची मुलं माझ्याकडे अभ्यासाला येतात. त्यांना मी सांगते, घाई नको, आधी नीट बघा. तुम्हीही तसंच ऐका.

आमच्याकडे दोन कॉम्प्युटर आहेत. आतल्या खोलीतला साधा, टेबलावरचा. त्याला कीबोर्ड, पासवर्ड आणि समोर एकच खुर्ची. दुसरा बाहेरच्या खोलीत, टीव्हीखाली, चपट्या डब्यासारखा. तो फक्त खेळण्यासाठी. आमच्या ह्यांनी, योंग-छुआननी, सुटे भाग आणून स्वतः जोडलेला. कंट्रोलरचं बटण दाबलं की टीव्हीसकट जागा होतो. तू कोण, असं विचारत नाही.

"आतल्यापुढे माणूस घराकडे पाठ करून बसतो," हे म्हणायचे. "हा शेजारी शेजारी बसायचा."

रोज संध्याकाळी सोफ्यावर बसून आम्ही एकच खेळ खेळायचो. दोन वाटसरू डोंगर चढतात. वाटेत एक पूल वर उचललेला असतो. दोघं एकदम येऊन उभे राहिले, तरच खाली येतो. मला नेहमी उशीर. मग ह्यांचा वाटसरू पुलापाशी टुणटुण उड्या मारायचा.

"बाई, तास संपत आला. आता तरी या."

वसंतात हे गेले.

माझा वाटसरू पुलापाशीच अडकला.

सातव्या महिन्यात पाताळाचं दार उघडतं आणि मेलेली माणसं महिनाभर वर येतात. आम्ही दारापुढे त्या पाहुण्यांचं जेवण मांडतो, तोंड धुवायला पाणी आणि टॉवेल ठेवतो. नाटकाला पहिली रांग त्यांच्यासाठी रिकामी सोडतो. आणि महिनाभर कुणाला नावाने हाक मारत नाही. ओ देणारा भलताच असू शकतो.

मी हाक मारली नव्हती.

फक्त लिहिलं होतं.

दुसऱ्या खेळाडूच्या जागी ह्यांचं नाव. वाटलं, दोन्ही कंट्रोलर आपणच चालवावेत आणि एकदाचा तो पूल ओलांडावा. दुसरा कंट्रोलर सोफ्यावर ठेवला आणि चष्मा आणायला आत गेले.

परत आले, तर...

दुसरा वाटसरू चालत होता.

हळूहळू. थेट पुलापर्यंत. तिथे थांबला... आणि वळून माझ्याकडे तोंड करून उभा राहिला.

कंट्रोलर होता तिथेच होता. त्याचा दिवा मात्र लागलेला.

मी घाबरले नाही. रडले. मग त्या कंट्रोलरच्या शेजारी बसले, आणि आम्ही पूल ओलांडला.

मग हे रोजचंच झालं. मुलं गेली की मी दोन कप चहा ओतायचे. सोफ्याची डावी बाजू हळूच खचायची...

एकच गोष्ट खटकायची. मुद्दाम उशीर केला तरी तो उड्या मारत नव्हता. नुसता उभा.

"रागावलात का हो?" मी एकदा विचारलं.

तो हलला नाही.

महिना संपायच्या आदल्या दिवशी वन्सं आल्या. ह्यांच्या थोरल्या बहीण, शू-ताओ. आल्या आल्या त्यांची नजर कपांवर गेली.

"दोन कप कुणाला गं?"

मी सगळं सांगितलं. त्या उभ्याच राहिल्या.

"जन्मभर पोरांना अक्कल शिकवलीस, स्वतःला थोडी ठेवायची होतीस. उद्या दार बंद होतं. तुझ्या त्या नावापायी तो बाहेर अडकला तर?"

"माझ्याजवळ राहतील ना, वन्सं."

"वर्षभर भुकेला, दारोदार फिरत? लहानपणी क्षणभर अंगणात उभं केलं तरी भोकाड पसरायचा तो. पूस ते नाव." मग जरा मऊ झाल्या. "आणि एवढं घर खायला उठत असेल तर माझ्याकडे ये. माझं घोरणं ऐकलंस की आपणहून पळशील इथे."

संध्याकाळी आम्ही शेवटचा पूल ओलांडला.

"या आता," मी म्हणाले. नाव पुसलं. दिवा विझला. कंट्रोलरमधले सेलही काढून ठेवले.

दुसऱ्या दिवशी देवळात विधी होऊन पाताळाचं दार बंद झालं. मुलं घरी गेली. टीव्हीखालच्या डब्याची वायर काढावी म्हणून मी बाहेरच्या खोलीत आले.

टीव्ही आपोआप लागला.

मी कशाला हात लावला नव्हता.

दुसऱ्या खेळाडूच्या जागी नाव नव्हतं. वाटसरू मात्र होता... पुलापाशी, माझ्याकडे तोंड करून.

उभा. नुसता उभा.

तेव्हा मला कळलं. आमच्या ह्यांनी आयुष्यात कधी अशी शांतपणे वाट पाहिली नव्हती.

वन्संना मी हे सांगितलेलं नाही. ती वायर काढून टाकली आहे. संध्याकाळी आता आतल्या कॉम्प्युटरपुढे बसते, एका खुर्चीत, घराकडे पाठ करून. बाहेर कधीकधी सोफा कुरकुरतो...

मी वळून बघत नाही. त्याची भीती तेवढी वाटत नाही. कुणीतरी असेल, माझ्यासारखंच एकटं.

मनात येतं ते वेगळंच. गेल्या वर्षी हे खरंच आले असतील. दारात उभे राहिले असतील. बायकोशेजारची जागा भरलेली दिसली असेल... आणि काही न बोलता परत गेले असतील.

यंदाचा सातवा महिना जवळ आला आहे.

हे आले, तर बसतील कुठे?