सात पानांचा निरोप

तुम्ही विचारलंत, एवढ्या थंडीत ही म्हातारा-म्हातारी गाडी काढून कुठे निघालीत, म्हणून सांगते. माझा नवरा नेव्ह खोलीत आडवा झालाय, दिवसभर त्यानेच गाडी चालवली. तुमच्या या मोटेलात माणसांचा वावर फारसा दिसत नाही, तेव्हा तुम्हालाही घाई नसेल. चहा उरला असेल तर घाला थोडा. आणि तो दिवा राहू द्या तसाच.

मी माणसांना निरोप देते. पाद्री नाही हं मी. ज्यांचं चर्चशी जमत नाही त्यांच्या घरी कोणी गेलं, की अंत्यविधीची व्यवस्था बघणारा ट्रेव्हर मला फोन लावतो. मी घरी जाते, चहा पिते, ऐकते, आणि गेलेल्याचं आयुष्य सात पानांत बसवून ट्रेव्हरच्या चॅपेलमध्ये, म्हणजे अंत्यविधीच्या हॉलमध्ये, वाचते. बावीस वर्षं झाली. हजाराच्या वर माणसं माझ्या आवाजात मार्गी लागली. आमच्या गव्हाच्या पट्ट्यात या कामात माझा हात धरणारं कोणी नाही, आणि हे मी एकटीच म्हणते असंही नाही.

माझे नियम ठरलेले. दुसरा कप संपेपर्यंत वही उघडायची नाही. दोन तारखा, जन्माची आणि मृत्यूची, सालासकट तीनदा विचारून घ्यायच्या. घरात दोन मतं निघाली तर ट्रेव्हरच्या फॉर्मवर ज्याची सही त्याचं ऐकायचं. आणि शेवटचा नियम माझा स्वतःचा. विधीच्या दिवशी सकाळी, घरचे यायच्या आधी, रिकाम्या चॅपेलमध्ये शवपेटीसमोर उभं राहून सगळं एकदा मोठ्याने वाचायचं. ज्याचं आयुष्य, त्याला आधी ऐकवायला नको का? ट्रेव्हर चिडवायचा, "काय गं वेंडी, आज गिऱ्हाइकाने काही दुरुस्ती सुचवली का?" मी म्हणायची, "अजून तरी कोणाची तक्रार नाही."

हातात स्टॉपवॉच असतं. सात पानं, अकरा मिनिटं. मागे-पुढे होतात ती दहा सेकंद.

जूनमध्ये, ऐन हिवाळ्यात, क्लॅरी लिंडनर गेला. चौऱ्याऐंशी वर्षांचा, मेंढ्या आणि गहू. गावात सगळे त्याला वचकून असत. त्याच्या घरी गेले तेव्हा दुपार होती आणि धुकं अजून उठलं नव्हतं. स्वयंपाकघरात त्याची बायको एल्वा आणि मुलगी जॅनीन. जॅनीन पन्नाशीची, शाळेत मुख्याध्यापिका. माझ्याशीही पाचवीतल्या पोरीशी बोलावं तशी बोलत होती. क्लॅरीचे मेंढे, क्लॅरीचा फुटबॉल क्लब, सगळं मुद्देसूद. एल्वा मात्र मी दिलेलं बिस्कीट हातात धरून बसली होती.

जॅनीन फोन घ्यायला व्हरांड्यात गेली, तशी एल्वा पुढे झुकली.

"पोरी, एक मूल आणखी होतं आम्हाला. हेझल. जॅनीनच्या आधीची. चार वर्षांची होती."

"काय झालं तिला?"

"शेततळ्यात गेली. बासष्ट साली. तळ्याचं फाटक उघडं राहिलं होतं…" तिने बिस्कीट खाली ठेवलं. "क्लॅरी मला म्हणाला, कडी तू लावली नाहीस. त्यानंतर या घरात तिचं नाव निघालं नाही. छप्पन्न वर्षं. एकदाच नाव घेशील का तिचं? सगळ्यांसमोर?"

जॅनीन दारात उभी होती. "आई, नको. बाबांनी जन्मभर जे टाळलं ते त्यांच्याच अंत्यविधीत काढायचं? वेंडी, हे लिहायचं नाही. सही माझी आहे."

"आलं लक्षात," मी म्हणाले आणि वही मिटली. जरा जास्तच घाईने मिटली. का, ते सांगते पुढे. एल्वाने माझ्याकडे पाहिलं आणि कप विसळायला उठली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण नियम तो नियम. चौथ्या पानावर मी लिहिलं, 'क्लॅरी आणि एल्वा यांची एकुलती एक मुलगी जॅनीन.'

गुरुवारी सकाळी नवाला मी चॅपेलमध्ये होते. बाहेर ट्रेव्हर फुलं उतरवत होता, त्याच्या गाडीचं दार उघडल्या-मिटल्याचा आवाज येत होता. क्लॅरीची पेटी समोर. मी बटण दाबलं आणि वाचायला लागले. चौथ्या पानाशी नाकात चिखलाचा वास भरला. उन्हाळ्यात तळं आटलं की तळाशी उरतो ना गाळ, तो वास. भर जूनमध्ये, हीटर चालू असताना. मला वाटलं, कोणाच्या तरी बुटांना लागून आला असेल. वाचत राहिले. संपवून बटण दाबलं, तर चौदा मिनिटं वीस सेकंद.

मी स्टॉपवॉच हलवून पाहिलं. बॅटरी गेली असणार म्हटलं आणि ते पर्समध्ये टाकलं. तुम्ही भीती शोधत असाल तर माझ्या चेहऱ्यावर तेव्हा ती नव्हती. यंत्रं बिघडतात.

अकराला चॅपेल भरलं. मागे माणसं उभी होती. पर्थच्या नातेवाइकांसाठी कॅमेरा चालू होता. मी वाचायला घेतलं. पहिलं पान, दुसरं, मेंढ्यांचा किस्सा, लोक हवे तिथे हसले. चौथं पान. पुन्हा तो वास, आणि आता पायांना ओल लागल्यासारखं गार. मी खाली पाहिलं नाही. वाचताना मी खाली कधीच बघत नाही. पाचवं पान उलटलं, मान वर केली आणि पाहिलं तर पहिल्या रांगेत एल्वा उभी होती.

रडत नव्हती. ताठ उभी होती, दोन्ही हात पोटाशी धरून. जॅनीनचा चेहरा पांढराफटक. मागे कोणीतरी हुंदका दाबला. मला काही कळेना, पण बावीस वर्षांची सवय, आवाज हलू दिला नाही. सातवं पान वाचून खाली बसले.

नंतर हॉलमध्ये अंड्याची सँडविचं आणि चहा. एक शेतकरी आला, माझा हात हातात घेऊन म्हणाला, "हेझलचं सांगितलंत, फार बरं केलंत. आम्ही तिच्या बरोबरीची पोरं. आम्हालाही तिचं नाव घेऊ देत नसत."

"काय सांगितलं मी?"

तो हसला. त्याला वाटलं मी संकोचतेय.

तोवर जॅनीन आली आणि मला कोपऱ्यात घेऊन गेली. "हेझलचं आईने सांगितलं होतं, ते सोड. पण फाटकाचं कोणी सांगितलं तुला? बाबा ट्रॅक्टर घेऊन गेले आणि कडी त्यांनीच उघडी टाकली, हे? मलाच काय, आईलासुद्धा माहीत नव्हतं ते! खुद्द आईला!"

मी तिच्या हातात माझी सात पानं दिली. तिने उभ्या उभ्या वाचली. परत पहिल्यापासून वाचली.

"यात नाहीये," ती हळूच म्हणाली.

"नाही."

"पण तू वाचलंस. मी ऐकलं… सगळ्यांनी ऐकलं."

एल्वा खिडकीपाशी बसली होती. मी तिच्यासमोर गुडघे टेकले, तर तिने माझ्या गालाला हात लावला. "कडीचा आवाज मला रोज आठवायचा, पोरी. खट्कन बसल्याचा. मी म्हणायचे, एल्वा, तू मनाची समजूत घालतेस. पण मी लावली होती गं. मी लावली होती." असं म्हणत ती पहिल्यांदा रडली, आणि मीही रडले. त्या बाईला मी एका नियमापायी रिकाम्या हाताने पाठवणार होते.

संध्याकाळी ट्रेव्हरकडून चित्रण मागवून मी आणि नेव्हने पाहिलं. आवाज माझाच. विराम माझे, 'मंडळी' म्हणण्याची ढबही माझी. साडेतीन मिनिटं मी हेझल लिंडनरबद्दल बोलत होते. तिचे लाल बूट, तिचं तोतरं बोलणं, दोन्ही तारखा, सालासकट. मग, "फाटक क्लॅरीने उघडं ठेवलं होतं, आणि हे तो कधी कोणाला बोलला नाही." यातलं एक अक्षर मला माहीत नव्हतं. आणि मी ते वाचत होते. ओळीवर बोट ठेवून, पान उलटून. कॅमेरा वरच्या बाजूला होता, त्यामुळे पानं स्पष्ट दिसत होती. हेझलचं वाचत होते ती दोन पानं कोरी होती.

मी उठून फोल्डर उघडलं. माझी सात पानं होती. त्यांच्यात, चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये, दोन कोरी. जॅनीनच्या हातात दिली तेव्हा सातच होती, मी मोजलेली.

"घाबरलीस?" नेव्हने विचारलं.

"घाबरू कशाला? बोलायचं राहून गेलेला माणूस बोलला. माझं तोंड वापरलं, एवढंच. भूत असेल तर ते कामाचं भूत आहे." आणि मला खरंच तसं वाटत होतं. उलट थोडा अभिमानच वाटला, आता कशाला लपवा. त्यानंतर चार विधी केले, चारही अकरा मिनिटांत आटोपले.

पण दिव्याखाली अंधार म्हणतात ना.

माझं स्वतःचं निरोपाचं लिखाण मी कधीच तयार करून ठेवलंय. या कामातल्या बहुतेकांचं असतं. सात पानं. परवा, आठ ऑगस्टला, सकाळी दहाला म्हटलं जरा वाचून पाहू, नवीन नातवाचं नाव घालायचं होतं. स्वयंपाकघरात उन्हाची तिरीप होती, किटली गॅसवर. बटण दाबलं आणि वाचायला लागले. तिसऱ्या पानाशी वास आला. या वेळी चिखलाचा नाही. खळीचा, आणि मोठ्या भांड्यात उकळणाऱ्या चादरींचा.

तो वास मी एकोणपन्नास वर्षांत घेतला नव्हता. सतरा वर्षांची असताना, लग्नाआधी दिवस गेलेल्या पोरींना ठेवत त्या घराच्या धुलाईखोलीत मी पाच महिने चादरी उकळल्या. मुलगी झाली. सहा दिवस माझ्याजवळ होती. मग कागदावर सही घेतली आणि तिला घेऊन गेले. एल्वासमोर वही का मिटली, कळलं ना आता?

सातवं पान संपलं तेव्हा किटली करपली होती. नेव्ह मागच्या दारात उभा होता, एक बूट पायात, एक हातात.

"वेंडी… आयरिस कोण?"

हे नाव मी त्या सहा दिवसांत ठेवलं होतं. मनातल्या मनात. कोणत्याही कागदावर नाही, कोणाच्याही कानावर नाही. ज्यांनी तिला नेलं त्यांनी तिचं नाव सँड्रा ठेवलं. हे मला ठाऊक आहे, कारण अकरा वर्षांपूर्वी तिचं पत्र आलं होतं. पत्ता, फोन नंबर, आणि 'तुम्हाला जमेल तेव्हा' एवढंच. नेव्हला कधी सांगितलंच नव्हतं, आता काय सांगू, असं म्हणत ते पत्र मी बटणांच्या डब्यात तळाशी घातलं. उत्तर दिलं नाही.

"काय वाचलं मी?" मी विचारलं.

"तुझी मुलगी आहे म्हणालीस. तिने वाट पाहिली म्हणालीस." नेव्ह दारातच बसला. "मग नेहमीसारख्या तारखा. जन्म तीन मे एकोणसत्तर."

"हो."

"आणि मृत्यू अकरा ऑगस्ट."

"साल? साल काय म्हणाले?"

"साल नाही म्हणालीस, वेंडी. मलाही नवल वाटलं. तू साल कधी सोडत नाहीस."

मी त्याला सगळं सांगितलं. तो रागावला नाही, हातातला बूट पायात घातला आणि म्हणाला, "पत्र आण." नंबर लावला. रिंग वाजत राहते. काल दिवसभर लावला, आज वाटेत लावला. कोणी उचलत नाही.

आज दहा. इथून तिचं गाव तीन तासांवर आहे, पहाटे निघालो की नाश्त्याच्या वेळेला पोहोचतो. अकरा ऑगस्ट बरीच येऊन गेली असतील. कदाचित त्यातल्याच एखाद्या वर्षीची असेल, आणि मी उशीर करून बसले असेन. किंवा उद्याची असेल. मला मात्र खात्री आहे, दार तीच उघडेल. इतक्या माणसांना निरोप दिला, एकीला तरी वेळेत भेटेन.

निघताना मी माझ्या निरोपाचं ते फोल्डर सोबत घेतलंय. सात पानं घातली होती, मोजून. आता तुमच्याकडे चहा मागायला येण्याआधी पुन्हा मोजली. आठ आहेत. आठवं कोरं आहे. उद्या दार कोण उघडतं, त्यावर ठरेल त्या पानावर काय लिहायचं.